पस्तीस खोट्या खुणा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, कर्करोग विभागाच्या डॉक्टरबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडम, आणि समोर बसलेल्या, माझ्यासारखीच धाप लागणाऱ्या बंधुभगिनींनो,

मी शिंपी. मॅडमबद्दल चार शब्द बोलायला मला उभं केलंय, पण आधी एक कबुली द्यायची आहे. परवानगी आहे ना, अध्यक्षबाई?

दोन वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली आणि थकवा असा आला, की शर्टाच्या तिसऱ्या बटणाला मी पलंगावर टेकायचो. जन्मभर लोकांना बटणं लावून देणाऱ्याची ही गत! मॅडम म्हणाल्या, "व्यायाम करून बघू. आठवड्यातून तीनदा इथं या, नाहीतर घरी करा. कागद देते, रोज खूण करा." मी घर निवडलं. लांब पडतं म्हणालो. खरं कारण वेगळंच होतं. आज शेजारी व्यायाम करणारा माणूस उद्या दिसला नाही तर? ते मला बघायचं नव्हतं.

पहिल्याच दिवशी घरातल्या घरात पाच मिनिटं चाललो. छातीचा भाता झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "बसा आधी! मरायचंय का?" त्या शब्दानं तीच दचकली, आणि मला धरून पलंगावर बसवलं. पुढे रोज सकाळी मी पलंगावर बसून कागदावर खूण करायचो, आणि पेन तीच आणून द्यायची. मॅडमचा फोन यायचा, "कसं चाललंय?" "उत्तम!" पाच आठवडे. पस्तीस खुणा. सगळ्या खोट्या.

मग तपासणीला आलो. मॅडमनी कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायला सांगितलं. दुसऱ्याच मिनिटाला मी भिंत धरली. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं. वाटलं, आता खरडपट्टी. त्या हळूच म्हणाल्या, "काका, कशाची भीती वाटते?"

"धाप लागली की वाटतं, हा शेवटचा श्वास."

"मग ती धाप माझ्यासमोर लागू दे."

सोमवारी आलो. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, पाठीवर त्यांचा हात. व्यायामाच्या सायकलवर श्वास अडकला. मी ओरडणारच होतो. त्या शांतपणे आकडे मोजत राहिल्या. विसाव्या आकड्याला श्वास जागेवर आला. बायको दारात उभी राहून रडत होती.

पण ज्याला भ्यालो, तेही घडलंच. शेजारच्या सायकलवरचे ग्रंथपाल एका गुरुवारी आले नाहीत. पुढच्याही नाहीत. मी चपला घालून निघालो. मॅडमनी अडवलं नाही. त्या ग्रंथपालांच्या सायकलची सीट पुसत होत्या, पुसलेलीच पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मी परत फिरलो. चपला काढून पुन्हा सायकलवर बसलो. नुसती पायडलं फिरत होती.

बारा आठवड्यांनी त्यांनी बायकोला मोजायला शिकवलं आणि आम्हाला पुन्हा घरी पाठवलं. आता रोज वीस मिनिटं चालतो, खरीखुरी. दुकान सकाळपुरतं उघडतो.

म्हणजे भीती गेली का? नाही हो. मंगळवारी माझा स्कॅन आहे. तेव्हा मॅडम इथं नसतील, या विचारानं काल हातातली कात्री खाली ठेवावी लागली. तरी मंगळवारी येणार आहे, आणि निकाल काहीही लागो, बुधवारी चालणार आहे.

मॅडम, तुमचे आभार मानायला मला शब्द पुरत नाहीत. आयोजकांनी बोलू दिलं, त्यांचाही ऋणी आहे. बोलताना मध्ये तीनदा थांबलो, ते शब्द सुचेनात म्हणून नव्हे. दम लागला होता. तेवढं सांभाळून घ्या.