सड्यांचा माजी कॅप्टन

…काढलं हो, चक्क काढलं मला! टीममधून! आणि कुठल्या टीममधून, तर सड्यांच्या! म्हणजे तुम्हाला सांगतो, जिच्यात राहायला काहीच करावं लागत नाही, नुसतं गप्प बसून राहिलं की जागा पक्की, अशी जगातली एकमेव टीम, तिच्यातून मला काढलं, आणि वर मुकादम म्हणतो, नियम म्हणजे नियम. नाही नाही, असं बघू नका माझ्याकडे. लग्नबिग्न काही ठरलेलं नाही माझं. हे केस बघा, हे उरलेले दात बघा, आणि मग हसा.

थांबा, तुम्हाला मॅचच माहीत नाही ना, म्हणजे मुळापासून सांगायला हवं. आमचा खुर्च्यांचा कारखाना. मी लेथवर. खुर्चीचे पाय काढतो. अख्खा जन्म पायांत गेला, बूड कुठे टेकलं नाही. तर वर्षाखेरीला कारखाना बंद असतो आणि सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मागच्या मैदानात आमची मॅच असते, संसारी विरुद्ध सडेफटिंग. लग्न झालेले पाण्याच्या टाकीकडे, न झालेले भिंतीकडे. स्टंप म्हणजे माझेच पाय… म्हणजे मी काढलेले, तपासणीत नापास झालेले. आणि सड्यांचा कॅप्टन मी. फार कर्तबगारी होती असं नाही, बाकीचे सगळे फितूर झाले म्हणून मी उरलो. आज आपल्याकडून जीव तोडून बोलिंग टाकणारा गडी पुढच्या वर्षी बघावा तर टाकीकडे उभा, खांद्यावर पोर, पोराच्या हातात आपलाच बॉल. टीम मी बांधायची आणि मोडायची पोरींच्या बापांनी! मग जिंकणार कसे? जिंकलोच नाही.

आणि ह्या संसारी लोकांचा तोरा सांगतो तुम्हाला. प्रॅक्टिसला जरा अंधारलं की एकेक जण पँट झटकत उठणार आणि म्हणणार, ‘चला, निघतो. घरी वाट बघत असतील.’ तोंड असं करायचं की जणू शिक्षा भोगायला चाललेत, आणि पाय असे उचलायचे की बक्षीस घ्यायला चाललेत! आम्ही आपले भिंतीवर पाय हलवत बसलेले. आपली वाट बघणारं कुणी नाही, आपण राजे, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. जरा मोठ्याने सांगायचो.

सगळ्यात पहिला फितूर कोण, तर पॉलिशवाला. माझा जिवलग. मी पाय काढायचा, त्याने चमकवायचा, एकाच वर्षी लागलो दोघे. बॅटिंग अशी करायचा की बॉल टाकणाऱ्यालाच दया यावी स्वतःची. आणि लग्न करून बसला. मी होतो लग्नाला, दोन्ही हातांनी जेवलो आणि बाहेर येऊन म्हटलं, गेला आपला ओपनर. पण वहिनी अशी की राग धरावा तर कसा? दर मॅचला यायच्या. येताना घरचं स्टूल घेऊन यायच्या, पॉलिश त्याचं, पाय माझे, आणि त्यातला एक पाय तसूभर आखूड. आयुष्यात हजारो पाय काढले, चुकला तो नेमका तोच! त्याच्याखाली चपटा दगड सरकवून वहिनी बाउंड्रीवर बसायच्या आणि टॉस झाला रे झाला की अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणायच्या, ‘भावजी, यंदा तरी आमच्या टीममध्ये या!’

दर वर्षी हां. एकही वर्ष चुकलं नाही. मी म्हणायचो, आणा की शोधून कुणीतरी. त्या म्हणायच्या, आणते, पण आधी ती टोपी फेका, त्या टोपीला कुणी होकार देणार नाही. सगळे हसायचे. मग आम्ही हरायचो, आणि जाताना पुन्हा एकदा, भावजी, यंदा राहिलं, पण पुढच्या वर्षी तरी आमच्या टीममध्ये या. मला काय वाटायचं, ही कटकट कायमची आहे. माणसाला कटकट कायमची वाटते बघा, आणि तीच आधी जाते.

बरं, आता नियमाचं सांगतो, कारण सगळा घोळ त्या नियमाचा. झालं काय, आमच्या अकाउंटंटचा घटस्फोट झाला. मॅचला आला आणि मधेच उभा. टाकीकडे जावं की भिंतीकडे? मुकादम म्हणजे संसाऱ्यांचा कॅप्टन, त्याला न्यायनिवाड्याची भारी हौस. कमरेवर हात ठेवून म्हणाला, ‘आपल्याला कागद बघायचे नाहीत. संध्याकाळी घरी तुमच्यासाठी कुणी जेवायचं थांबतं का? थांबत असेल तर आमचे. नसेल तर तिकडचे.’ अकाउंटंट बिचारा खाली बघत भिंतीकडे आला, आणि आम्ही गाढवांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात आमचा टेम्पोवाला, बोलिंग बरी करतो पण डोकं टेम्पोतच विसरतो, तो म्हणतो, माझी आई थांबते की जेवायची, मी कुठे जाऊ? मुकादम म्हणाला, आई धरायची नाही, आई सगळ्यांचीच थांबते. झाला नियम. तेव्हापासून तोच चालू.

आणि गेल्या वर्षी… गेल्या वर्षी वहिनी गेल्या हो. मॅचच्या काही महिने आधी. आजारपण लांबलं, दवाखाना झाला, मोठा दवाखाना झाला, मुलगी लांबच्या गावी दिलेली, ती येऊन राहिली, आणि सगळं करून शेवटी नाहीच. पॉलिशवाला परत कामावर आला तो एकदम गप्प. नुसता घासायचा. एकेक खुर्ची अशी चमकवायचा की बसणाऱ्याला संकोच वाटावा. मी लेथ चालू ठेवायचो, कारण बंद केला की काहीतरी बोलावं लागेल आणि मला काय बोलायचं ते कळत नव्हतं. मला अजून कळत नाही, तुम्हाला कळतं?

आणि अशात मॅच जवळ आली. टेम्पोवाला माझ्या लेथपाशी येऊन घुटमळायला लागला. काय रे? तर म्हणे, ‘कॅप्टन, पॉलिशकाका यंदा… आपल्याकडे ना? म्हणजे नियमाप्रमाणे…’ असं कानशील लाल करावंसं वाटलं त्याचं! पण खोटं कशाला बोलू, तुम्ही काही परके नाही, माझ्याही मनात येऊन गेलं. तो आपल्याकडे म्हणजे ओपनर आपल्याकडे. जन्मात एकदा जिंकलो असतो. माणसाचं मन म्हणजे काय सांगू तुम्हाला, दुःखातसुद्धा बॅटिंग ऑर्डर लावतं.

मॅचचा दिवस उजाडला. टाकीकडे ते, भिंतीकडे आम्ही. पॉलिशवाला उशिरा आला. बगलेत स्टंप, दर वर्षीसारखे पॉलिश केलेले. मधे येऊन ते ठोकले, एक, दोन, तीन, आणि तिथेच उभा राहिला. हलेना. इकडे बघतो, तिकडे बघतो. टाकीकडचे सगळे बाटल्यांची झाकणं उघडझाप करतायत, आमच्याकडचे बुटांच्या नाड्या बांधतायत, ज्यांच्या पायात चपला आहेत तेही वाकलेत! मुकादम, एवढा न्यायाधीश, तोही टाकीचा नळ तपासतोय. आणि पॉलिशवाला हळूहळू निघाला हो भिंतीकडे. आमच्याकडे. एकेक पाऊल असं टाकत, जसा कुणाच्या तरी घरातून निघतोय. आणि मला सांगा, टाळ्या वाजवणार होतो का आता आम्ही?

मी पुढे झालो. म्हटलं, ‘ए, कुठे चाललास? तुझी टीम तिकडे.’

तो म्हणाला, ‘नियम आहे ना. घरी कुणी नाही थांबत आता.’

तुम्हाला सांगतो, मी काही बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून निघून गेलं. म्हटलं, ‘थांबतं. मी थांबणार आहे. आज तुझ्याकडे जेवायला येतोय, तू आल्याशिवाय घास घेणार नाही. जा तिकडे.’

तो जवळ सरकला. मग विचारलं, एवढ्या हळू की फक्त मलाच ऐकू आलं. ‘मी अजून तिच्याच टीममध्ये ना रे?’ मी म्हटलं, तुझ्या लग्नात दोन्ही हातांनी जेवलोय मी, मला विचारतोस? गेला टाकीकडे. मुकादमाने सरकून जागा केली आणि उगाच जोरजोरात ओरडायला लागला, टॉस करा, टॉस करा.

टॉस झाला. आणि टॉस झाल्यावर मैदान गप्प. म्हणजे सगळेच थांबले हो, एवढाएवढासा वेळ, त्या एका वाक्यासाठी. भावजी, यंदा तरी… कुणी म्हटलं नाही. कोण म्हणणार? मी टोपी काढून खिशात घातली आणि म्हटलं, खेळा.

खेळला तो. चांगला खेळला. एक फटका असा बसला की बॉल सरळ बाउंड्रीवर, वहिनींच्या जागेवरून, आणि टेम्पोवाला त्याच्यामागे धावत सुटला आणि तिथे पोचल्यावर वळसा घालून गेला. तिथे काही नव्हतं. ना स्टूल, ना कुणी. दर वर्षी वळसा घालायचा, म्हणून घातला. पॉलिशवाल्याने ते बघितलं, आणि पुढचा साधा बॉल, अहो माझा बॉल, माझ्या बोलिंगवर आमच्या लेथलासुद्धा धावा काढता येतील, तर त्या बॉलवर त्याने बॅट उचललीच नाही. दांडी गुल. जन्मात पहिल्यांदा मी त्याला आउट केला आणि एकाही माणसाने टाळी वाजवली नाही, मीसुद्धा नाही. बाकी आम्ही हरलो, ते सांगायलाच नको.

संध्याकाळी गेलो जेवायला. बोलून बसलो होतो ना! दारापाशी ते स्टूल, त्याच्याखाली दगडसुद्धा तसाच. भाजी खाली लागलेली, भात वर कच्चा आणि खाली पेज. मी निघालो तर दारात म्हणतो, उद्या येतोस ना? आता ‘नाही’ कसं म्हणायचं? गेलो. परवाही गेलो. मग म्हटलं, रोज करपलेलं खाण्यापेक्षा मीच करतो, तर माझं त्याला तिखट लागतं! मीठ कमी पडलं तर म्हणतो, तुझ्या वहिनींना विचारून टाकायचं होतंस. आणि मग दोघेही ताटात बघत बसतो. भांडणं तर किती सांगू… ओला टॉवेल कुठे टाकायचा, दिवा कुणी चालू ठेवला. मी, म्हणजे ज्याने ह्या सगळ्या कटकटी नकोत म्हणून आयुष्यभर भिंत धरली, तो मी! एक दिवस उशीर झाला, लेथचा पट्टा तुटला होता, जाऊन बघतो तर हा पानं वाढून बसलेला. भूक लागली होती तर जेवायचंस की! तर म्हणतो, एकट्याला जात नाही. बरं, रडतो मधूनमधून. मी भांडी घासायला घेतो तेव्हा. नळ जरा मोठा सोडतो मी मग.

झालं, आता आज काय झालं ऐका. उद्या मॅच आहे आमची. मी आपला लेथवर, यंदाचे स्टंप काढतोय, मनात टीम जुळवतोय, आणि मुकादम आला कमरेवर हात ठेवून. म्हणाला, पॉलिशवाल्याने सांगितलं मला, तुम्ही येईपर्यंत तो रोज जेवायचा थांबतो. खरं का? म्हटलं, हो, खरं आहे, कितीदा सांगितलं नको थांबू. तर हा म्हणतो, मग कसले सडे तुम्ही? घरी माणूस जेवायचं थांबतंय, नियमाप्रमाणे तुम्ही आता आमच्यात. उद्या टाकीकडे उभं राहायचं!

मी आरडाओरडा केला. मी कॅप्टन आहे, असा कसा काढता? तर टेम्पोवाला मागून दात काढत म्हणतो, काळजी करू नका, कॅप्टन मी होईन. आणि पॉलिशवाला, बरं का, एवढ्या महिन्यांनी पहिल्यांदा तोंडावर हसू, हातातलं फडकं झटकत म्हणाला, ‘किती वर्षं बोलावत होती तुला. आता आलास.’

मी लेथ चालू केला.

म्हणजे आलो हो वहिनी. आलो तुमच्या टीममध्ये. पण यायचं तर तुम्ही असताना यायचं ना, ते जमलं नाही ह्या गाढवाला. टोपीसुद्धा तीच आहे अजून. आणि इतकी वर्षं मारे बोलावत होतात, तर आता तुमच्या टीमने काय दिवे लावले बघा… मुकादमाने मला बॅटिंग अकरावी दिलीय! सड्यांचा माजी कॅप्टन, अकरावा! ओरडून भांडणार होतो, पण पॉलिशवाला म्हणाला, ते आपण घरी बोलू.

किती वाजले? अरे बापरे. नाही, बसत नाही आता, चहाबिहा काही नको.

चला, निघतो. घरी वाट बघत असेल.