पिठाच्या डब्यातला बोल्ट

वजनकाट्यापाशी वाटाण्याची एकच गाडी उभी होती, शेजारच्या काका-काकूंची, आणि भोवती रिकाम्या हातांचे शेतकरी. मी बाकावर जप करत होते, पण कान तिकडेच.

"काका, ऐन वसंतात गारठा आणि चिखल. आमचं बी कुजलं. तुम्हाला थांबायचं कसं सुचलं?"

"अरे, जमिनीची नाडी ओळखावी लागते!"

"नाडी म्हणे!" काकू फणकारल्या. "पहिलं ऊन पडताच निघाले होते पेरायला. पेरणीयंत्राचा बोल्ट सापडेना, म्हणून घर डोक्यावर घेतलं."

"हरवला होता ना गं तो?"

"पिठाच्या डब्यात होता. माती हाताला गार लागत होती, म्हणून मीच लपवला. ऊब आल्यावर अंगणात टाकला."

"मला सांगायचंस तरी!"

"सांगून ऐकता?"

"काकू, पुढच्या वर्षी आमचाही बोल्ट ठेवा त्या डब्यात!"

"मग डबा मोठा घ्यावा लागेल," काका छाती फुगवून म्हणाले.