डावी नळी

केशरबाई : अवो, ती ठेवा खाली! फुटकी दुर्बीण कुनी इकत घेतं का? डाव्या नळीत नुसतं दूध सांडल्यावानी दिसतंय.

श्रीमंत : स्वस्त हाय ना पन.

केशरबाई : स्वस्त म्हनून गळका हंडा घेता का कदी? खाजाभाई, तुमी तरी सांगा ह्यांना.

खाजाभाई : मग सकाळपासून काय करतोय, वहिनी? लढाई संपली, लष्कराच्या लिलावातला एवढा माल दुकानात येऊन पडलाय, आणि तुमच्या मालकांनी नेमकी हीच धरलीय! श्रीमंतराव, ही बघा. पुढची काच रुंद, रात्रीचा उजेड जास्त घेते. फार मोठं दाखवणारी घेऊ नका, हात जरा हलला की तारा नाचायला लागतो. ही हलकी, दोन्ही नळ्या साफ. भावही बेताचा.

श्रीमंत : त्या फुटकीचा भाव निम्मा हाय.

खाजाभाई : अरे बाबा, तिची एकच नळी धड आहे! उद्या परत याल, म्हणाल खाजाभाईनं फसवलं.

श्रीमंत : न्हाई येनार. आईची आन.

केशरबाई : बघा! लढाईवरनं आल्यापासनं ह्ये असंच. आसारामशेट आपल्या पायानं तिसगावला आला. म्हनला, मिल्ट्रीत लारी हाकलीस, आता माझी पाशिंजरची मोटार चालव, नगर-पाथर्डी कर. तर आज पाठ दुखतीया, उद्या बघू! आन रात झाली की अंगनात उतानं पडून आभाळ बघायचं.

श्रीमंत : वाळवंटात दिवे मालवून लाऱ्या चालायच्या, केशर. ताऱ्यावरनं वाट धरायची. तवाचा नाद हाय.

केशरबाई : करा की नाद! मी कुठं न्हाई म्हनते? शेळी इकून पैसं मीच आनलं ना? पन घ्यायची तर धड घ्या!

खाजाभाई : भांडू नका. दारात या. समोर डोंगरावर चांदबीबीचा महाल दिसतोय, त्याच्यावर आधी ही चांगली धरा. मग फुटकी धरा. आपोआप कळेल.

केशरबाई : थांबा, धुरळा बसलाय, पुढची काच पुसते.

श्रीमंत : दिसतंय की! कमानीसुदिक दिसत्यात. झकास. पन खाजाभाई, दोन्ही नळ्या लख्ख असून त्या फुटकीपरीस काय येगळं दिसंना. मंग जादा पैसं कशापायी?

(केशरबाईचा पदर अजून डाव्या नळीच्या तोंडावरच आहे. पुसता पुसता तिचा हात थांबला आहे.)

केशरबाई : दोनी नळ्या लख्ख?

श्रीमंत : व्हय.

केशरबाई : डावी बी?

श्रीमंत : व्हय म्हनलं ना!

केशरबाई : डावीवर माझा पदर हाय.

खाजाभाई : …मी जरा चहा सांगून येतो.

केशरबाई : कवापासनं?

श्रीमंत : शेवटाला, इटलीत. लारीपुढं सुरुंग उडाला. भाईरनं डोळा तसाच ऱ्हायला, आतला उजेड गेला.

केशरबाई : आन मी गावभर सांगत फिरते, माझा नवरा आळशी झालाय!

श्रीमंत : आंधळा म्हनन्यापरीस त्येच बरं हुतं.

केशरबाई : माझ्यापाशी बी?

श्रीमंत : तू मोटारीपायी मागं लागलीस. करंजीचा घाट, गाडीत बायाबापड्या. एका डोळ्यानं उतरू कसा?

केशरबाई : मंग तोंड हुतं की! एक शबुद सांगायचा! मला वाटलं, ह्या मानसाला आता घरादाराचं कायबी पडलं न्हाई. तुमी तारं बघायचं, आन मी शेजारी तुमच्या नावानं बोटं मोडत पडायची. काय मिळालं तुमाला?

श्रीमंत : चुकलं माझं.

खाजाभाई : चहा येतोय. वहिनी, मग ती फुटकीच बांधून देतो. उजवी नळी तिची एकदम चोख आहे. यांचं बरोबर होतं, आपणच उगाच कटकट केली.

केशरबाई : न्हाई. चांगली बांधा.

श्रीमंत : आगं, डाव्या नळीचं पैसं वाया जातील.

केशरबाई : कशानं वाया? मला दोन डोळे हायेत. रोज रातीला काय बघत बसता, ते मला तरी नीट बघू द्या.