शिळं पाणी

मला पाणीचोर ठरवलं होतं, ते सांगते. आमच्या मनवेलपाड्याच्या बिल्डिंगमध्ये सकाळी तासभर पाणी येतं. नळ आला की सगळे आधी कालचं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतणार, मग ताजं भरणार आणि दुपारी पाणी पुरत नाही म्हणून रडणार. मी ओतत नाही. पिंप झाकून ठेवते, कमी झालं असेल तेवढंच भरते. एकदा तर सलग दोन दिवस नळच सोडला नाही.

त्यातल्या दुसऱ्या संध्याकाळी सेक्रेटरी सावंत दोन माणसं घेऊन दारात. "पाणी भरत नाही, तरी तुमचं भागतं कसं? चोरून मोटर लावलीय का?"

"या, शोधा," मी म्हटलं.

त्यांनी मोरी बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं. शेवटी पिंपाचं झाकण उघडलं.

"हे परवाचं? शिळं पाणी पिता तुम्ही?"

मग मात्र माझं डोकं फिरलं. "सावंतसाहेब, धरणात हे पाणी गेल्या पावसाळ्यापासून पडून आहे. ते तुम्हाला ताजं, आणि माझ्या पिंपात दोन रात्रींत शिळं?"

झाकण तसंच उघडं टाकून गेले. दुसऱ्या दिवशी पाइपलाइन फुटली, नळाला थेंब नाही. दहा वाजता सावंत पुन्हा दारात, या वेळी एकटे, हातात रिकामी कळशी.

मी पिंपाच्या झाकणावर हात ठेवला. म्हटलं, "आज तीन दिवसांचं झालंय. चालेल ना?"