डॉक्टरसाहेबाचं मागं पडणारं घड्याळ

बसा जी, बसा. मागं भिंतीले टेकून उभे आहेत त्याईलेही थोडी जागा द्या. डॉक्टरीणकाकू, तुमी अगदी पुढं बसल्या आहात. तुमच्या तोंडाकडं पाहून मले बोलता येणार नाई. मी त्या खिडकीकडं पाहून बोलतो. राग नका मानू.

माझ्या आधी वकीलसाहेब बोलले, हेडमास्तर बोलले. चांगलं बोलले. मले तसं येत नाई. मी सायकलवाला बंड्या. डॉक्टरसाहेबाच्या दवाखान्यासमोर माझं पंक्चरचं दुकान. अर्धं अकोला मले ओळखते, आन् चांगल्या कामासाठी ओळखते असं नाई. शोकसभेत हसू नये म्हणतात. पण जामोदकर डॉक्टरासाठी जमलो आपण, तर थोडं हसू येईनच. त्याले इलाज नाई.

माझी शाळा चौथीत सुटली. काहून सुटली? तर माझ्या छातीत आवाज होता.

आमचं गाव मुर्तिजापूरजवळ. तिथं शाळेत एकदा कोणीतरी डॉक्टर पोरं तपासाले आला. त्यानं माझ्या छातीले नळी लावली आन् म्हणे, याच्या छातीत आवाज येते. झालं. माय रडाले लागली. बापानं मले खाटीवर टाकलं. धावू नको, झाडावर चढू नको, विहिरीकडं जाऊ नको, शाळेत तर जाऊच नको. तडा गेलेलं मडकं जपावं तसं मले जपलं. आन् मी? मी काय, राजा होतो. दूध मले, साय मले. कोणी काम सांगतलं की छातीवर हात ठेवला, सुटलो. गावातल्या म्हाताऱ्या माझी दृष्ट काढत, आन् त्या मागं वळल्या की मी त्याईच्या लुगड्याले एरंडाची पानं अडकवत असे.

मले खाटीवर पाणी कोण आणून दे? कुसुम. माझ्या पाठची बहीण.

मंग कोणीतरी बापाले सांगतलं, का अकोल्यात एक डॉक्टर आहे, मुंबईहून पोराईच्या छातीचं शिकून आला. आमी सारे निघालो. मी, माय, बाप आन् गाठोडं घेऊन कुसुम. गाठोडं मले कसं देतीन? माझी छाती नाजूक.

तुमच्यापैकी कितीजण त्या दवाखान्यात बसले असान. तुमाले ठाऊक आहे. डॉक्टरसाहेब नळी कानाले लावत आन् म्हणत, "चूप." एवढंच. मंग सारा दवाखाना चूप. बाहेरचा टांगेवाला घोड्याच्या गळ्यातले घुंगरू मुठीत धरे. तरी त्याईले एक आवाज खटके. भिंतीवरच्या घड्याळाचा. ते उठत, घड्याळाचा लंबक हातानं थांबवत, आन् मंग ऐकत. डोळे मिटून ऐकत. लेकरू तपासून झालं का लंबकाले परत धक्का देत. काटे पुढं सरकवाचं काही त्याईच्या ध्यानात राहत नसे. सकाळी कंपाउंडर लावून ठेवे तवा घड्याळ बरोबर, संध्याकाळी पार मागं. त्या घड्याळापायी कितीकाच्या गाड्या चुकल्या. चुकल्या का नाई? माना हलवून राहिले तुमी, म्हणजे चुकल्या.

तर माझा नंबर आला. चूप झालं, लंबक थांबला. लय वेळ ऐकलं त्याईनं. मले उभं केलं, निजवलं, पुन्हा ऐकलं. मायनं पदर तोंडात धरला होता. आन् डॉक्टरसाहेब हसले.

म्हणे, पाटील, काही पोरांच्या छातीत असा आवाज असतोच. ओढ्याचं पाणी खळखळते, म्हणून ओढा काही बिमार नसते. या पोराला काही रोग नाही. याला पळवा.

माझं राज्य तिथंच बुडालं बाप्पा.

पण ते माझ्याकडं पाहत नव्हते. ते दाराकडं पाहून राहिले होते. दारात कुसुम गाठोड्यावर बसली होती, धापा टाकत.

"ही काहून धापा टाकते?"

बाप म्हणाला, टेसनावरून चालत आलो साहेब, थकली पोट्टी.

"हा नाही थकला?"

डॉक्टरसाहेबानं मायले विचारलं, हिचे सांधे कधी सुजले होते का. माय म्हणे, हो, मागच्या पावसाळ्यात. आधी गुडघा, तो उतरला तर घोटा, मंग मनगट. लेप लावला, बसलं. त्याच्या आधी घसा दुखला होता का? मायले आठवलं, दुखला होता. तापही होता. पण घशाचं कोण मनावर घेते?

पुन्हा चूप. पुन्हा लंबक थांबला. आन् या खेपेले ते हसले नाई.

मंग त्याईनं बापाले दवाखान्याच्या दाराजवळ नेलं. म्हणे, छातीत अशीच कवाडं असतात. रक्त पुढं गेलं की कवाड लागते, म्हणजे ते मागं येत नाही. या सांध्याच्या तापानं हिचं कवाड वाकडं झालं. नीट लागत नाही. आजवर झालं ते झालं. पण दर खेपी घसा बिघडला, ताप आला, तर कवाड आणखी वाकडं होईन. म्हणून दर महिन्याला सुई. दुखो न दुखो.

बाप म्हणे, दुखत नाई त्याले सुई काहून?

ते म्हणे, दुखू नये म्हणूनच.

परत जाताना गाडीत गाव जवळ आलं तवा बाप मायले एकच म्हणाला, "आपण खाटीवर भलतंच लेकरू टाकलं व."

तवापासून गाठोडं मी उचललं.

भाऊहो, सुई सोपी नसते. महिना झाला का अकोला. पेरणी असो का वेचणी. मी पुढं अकोल्यात दुकान टाकलं ते त्याच पायी, का तिले टेसनावर घ्याले कोणीतरी असावं. सगळं ठीक चाललं. मंग कुसुमचं लग्न जमलं, चांदूर बाजारच्या घरात. आन् बापानं ठरवलं, सुई बंद. सासरी कळलं, पोरगी सुईवर आहे, तर सोयरीक मोडीन. दिसाले तर चांगली दिसते, दुखत काही नाई. तुमी त्याले नावं ठेवू नका. कितीक घरी हेच होते, पोट्टी झाकून द्यायची आन् देवावर सोडायची.

मी डॉक्टरसाहेबाले जाऊन सांगतलं. ते रागावले नाई. त्याईनं कुसुमले बोलावून विचारलं, "हृदय तुझं आहे, बाई. सांगायचं की नाही, तू बोल."

कुसुम म्हणाली, "सांगा. लपवून जगायचं तर धाप अजून लागीन."

तिची होणारी सासू आली. बाई दमदार, डोक्यावर पदर, आन् कपाळाले आठी. डॉक्टरसाहेबानं लंबक थांबवला आन् नळी सरळ त्या बाईच्याच कानाले लावली. आधी तिची स्वतःची छाती ऐकवली. मंग कुसुमची. बाईनं लय वेळ ऐकलं. आमचा बाप दारात उभा, घामानं ओला.

बाईनं नळी काढली. म्हणे, "फुसफुसते खरं. सुई घेतली तर वाढत नाई ना?"

डॉक्टरसाहेब म्हणे, "घेतली तर पुष्कळदा वाढत नाही. सोडली तर मी हमी देत नाही."

"मंग मी आणीन तिले. पण तुमचं घड्याळ नीट करा, माझी गाडी चुकवान तुमी."

आणलं तिनं. दर महिन्याले आणलं. गाडी चुकली का डॉक्टरसाहेबाले बोल लावले, आन् काकू, तुमच्या घरी जेवूनच मंग गेली.

मी एकदा खोडी केली. दुपारी आत शिरलो आन् घड्याळ बरोबर वेळेवर लावून ठेवलं. डॉक्टरसाहेबानं घड्याळ पाहिलं, मंग बाकावरची गर्दी पाहिली. मले हाक मारली. म्हणे, "बंड्या, हे पुढं करू नको रे. ते किती मागं पडलं ते पाहूनच मला समजते, आज किती लेकरं ऐकली."

आज सकाळी कुसुमच्या सुईचा दिवस होता. कंपाउंडरनं दिली. देत राहीन, म्हणाला. सासूबाई बाहेर आली, सवयीनं भिंतीकडं पाहिलं आन् तिथंच थबकली. घड्याळ बरोबर होतं. डॉक्टरसाहेब गेले तवापासून ते बरोबरच चालून राहिलं.

ती म्हणाली, "आज गाडी सापडते, कुसुम. पण आज नको."

त्या दोघी तिकडं बसल्या आहेत, खांबाजवळ.

आता उभे राहा. या हॉलातही भिंतीवर एक घड्याळ आहे, मघापासून वाजून राहिलं. मी त्याचा लंबक धरतो. मी सोडेपर्यंत कोणी खोकू नका, पाय वाजवू नका. डॉक्टरसाहेबानं डोळे मिटले आहेत, कोणाचं तरी लेकरू ऐकून राहिले आहेत, असं समजा.

चूप.