उंच केलेली जीप

लिफ्ट किटचं नावच काढू नका माह्यासमोर! वावराच्या रस्त्यावर जीपचं पोट घासून राहिलं होतं, म्हणून व्हिडिओ पाहून गाडी उंच करायचं हे किट मागवलं, तेही सगळ्यात उंचवालं. मी अन् मित्रानं दिवसभर खपून ते बसवलं. संध्याकाळी पाहतो तं काय, जीपचं टप गोठ्याच्या दारात अडकलं!

बाबा म्हणाले, "दार मोजलं नाही?"

म्हटलं, "गाडी मोजली ना!"

बाबांनी कुदळ घेतली अन् दारातली, आतली जमीन हातभर खणली.

म्हटलं, "एवढी खोल कायले?"

"तुहा काय भरोसा? उद्या अजून उंच करशीन."

गाडी आत गेली. सकाळी बाहेर काढतानी खड्ड्याच्या काठाले पोट खर्रकन घासलं.

बाबा म्हणाले, "घरीच घासाची होती, तं उंच काहून केली बे?"