बुनलू दाजींचे एक्केचाळीस मेसेज

नाही, पण आठच का? तुम्हाला सांगतो, तीन ठेवली असती, चार ठेवली असती, तरी मी बाजारात पहिला दिसेल तो मदरबोर्ड उचलला असता, लावला असता, मोकळा झालो असतो. पण आमचे बुनलू दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, लमायताईचे यजमान, जाताना मागे ठेवून गेले आठ. आठ ग्राफिक्स कार्डं, एकेक विटेएवढं, प्रत्येकाला दोन-दोन तीन-तीन पंखे, लोखंडी चौकटीवर ओळीने उभी... आणि ज्याच्यावर ती आठही चालायची तो मदरबोर्ड वीज पडून जळालेला. आता तो नवीन निवडायचा कोणी? मी!

मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. आमच्या नाखोन सावान शहराच्या बाजारात तीस वर्षं सुई, बॉबिन आणि पट्टा, याच्या बाहेर मी गेलेलो नाही. मायनिंग म्हणजे काय ते मला विचारू नका. ते मशीन अखंड कसलीतरी गणितं सोडवतं आणि त्याबद्दल कुठूनतरी न दिसणारी नाणी मिळतात, एवढं मला कळलेलं आहे, आणि त्याहून जास्त कळू नये म्हणून मी तीन वर्षं धडपड केलेली आहे. कारण दाजी समजावून सांगायचे. समोर भेटले की सांगायचेच, पण भेटत नसले की फोनवर व्हॉइस मेसेज. सहा मिनिटांचा, नऊ मिनिटांचा, एकदा तर चौदा मिनिटांचा. आता मला सांगा, समोर पन्नास मशीनं उघडी पडलेली असताना कोण ऐकतो? आमच्या फोनवर ती चित्रं असतात ना, त्यात एक जाडं तपकिरी अस्वल आहे, अंगठा वर करून हसणारं. मेसेज आला की मी काय करायचो, अस्वल पाठवायचो. न ऐकता. दाजी खूश, मी खूश.

दाजी गेले मार्चमध्ये. भर दुपारी, त्या मशीनसमोरच्या खुर्चीत, हातात स्क्रू ड्रायव्हर. ताई खोबऱ्याच्या वड्या थापत होती, तिने दोनदा हाक मारली, मग हात पुसत आत गेली... असो. सात दिवस भिक्षू येऊन मंत्र म्हणत होते आणि मागच्या खोलीत ती आठ कार्डं घों घों करत होती. कोणाला बंद करायचं सुचलंच नाही. पुढे दोन महिने ती तशीच चालली. ज्याची कमाई त्याचा पासवर्ड, आणि पासवर्ड दाजी बरोबर घेऊन गेलेले, म्हणजे मशीन राबत होतं ते कोणासाठी, देव जाणे. मग मे महिन्यात वादळ झालं, कुठेतरी जवळच वीज पडली, आणि सगळं गप्प.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या दुकानात आली. चहा नको म्हणाली. बसली, माझ्याकडे न बघता समोरच्या मशीनचं चाक हाताने फिरवत राहिली, आणि म्हणाली, "सनान, घर फार ऐकू येतं रे."

मी म्हटलं म्हणजे काय? तर म्हणाली, पाल ऐकू येते. फ्रिज ऐकू येतो. वड्या थापताना स्वतःच्या बांगड्या ऐकू येतात. ती खुर्ची वाजते. कोणी बसलेलं नसताना. तीन वर्षं त्या मशीनच्या नावाने तिने शंख केला होता, केस वाळवायचं यंत्र म्हणायची त्याला. आणि आता म्हणते, ते चालू करून दे, त्यांना जाऊन शंभर दिवस होतील तेव्हा भिक्षू जेवायला येतील, तोवर चालू करून दे. तिने उभ्या आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. काय म्हणणार मी? अस्वल थोडंच पाठवणार?

म्हणून गेलो. आमच्याकडे कॉम्प्युटरची सगळी दुकानं एकाच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी म्हणे तिथे या कार्डांसाठी रांगा लागायच्या. आता निम्मी शटरं खाली. सरकता जिना बंद, त्यावरून पायांनीच चढलो. पहिल्या दुकानात विचारलं, आठ कार्डांचा मदरबोर्ड आहे का, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी टांग्याची चाकं मागतोय. आता? मायनिंग? काका, ते संपलं की सगळं. दुसऱ्याने मला रंगीत दिवे लागणारा बोर्ड दाखवला, हा घ्या, एकदम जबरदस्त. मी म्हटलं, यावर आठ बसतील? तो म्हणाला, तीन बसतील, पण दिवे बघा ना काका. बरं, बघितले दिवे, पुढे? शेवटी कोणीतरी म्हणालं, टोकाच्या इमआक्काकडे जा, मेलेल्यांचं सगळं तिच्याकडे असतं.

मेलेल्यांचं म्हणजे मेलेल्या धंद्यांचं हो. पण तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

इमआक्का साठीची, चष्मा साखळीला बांधलेला, ताटलीतले फणसाचे गरे खात बसलेली. तिच्या मागे छतापर्यंत मदरबोर्ड. वह्यांसारखे उभे रचलेले. ज्यांनी ज्यांनी हौसेने मायनिंग मांडलं आणि मोडलं, त्यांचं सगळं तिथे. कोणावर नाव लिहिलेलं, कोणावर देवाचं चित्र चिकटवलेलं, एकावर छोट्या मुलीचा फोटो. तिने हात पुसले आणि विचारलं, स्लॉट किती हवेत, कार्डं खोचायच्या खाचा? रायझर वापरणार की कार्डं थेट बोर्डावर बसवणार? प्रोसेसर कुठला आहे घरी?

मग मला आठवलं, माझ्या खिशात सगळं आहे. एक्केचाळीस मेसेज आहेत, न ऐकलेले. दाजी तीन वर्षं मला हेच तर सांगत होते!

काउंटरवर फोन ठेवला, पहिला मेसेज लावला. आणि दाजी बोलायला लागले. तोच आवाज, दर वाक्याआधी घसा खाकरायचा. तीन महिन्यांत विसरलो होतो मी ते खाकरणं. "सनान, ऐक. लोक बोर्ड घेताना आधी कार्डं मोजतात. तसं नाही करायचं. आधी बोर्डावरचे स्लॉट मोजायचे, मग दोन स्लॉटमधलं अंतर. माणसांसारखंच आहे बघ, फार जवळजवळ बसवली की तापतात."

इमआक्काने मान डोलावली. बरोबर बोलतोय हा, म्हणाली. मग रायझरचं काय म्हणतो? मी दुसरा लावला, त्यात दाजींच्या शेजारच्या कुत्र्याबद्दल सात मिनिटं. तिसरा लावला. "आता तुला कोणी विचारेल, रायझर कशाला? तर कार्डं बोर्डावर दाटीने बसवायची नसतील तर. रायझर म्हणजे नुसती वायर, तिच्या टोकाला कार्ड लांब उभं करता येतं. पण स्वस्तातली घेऊ नकोस. तू घेशील. मला माहीत आहे तू घेशील."

आक्का हसायलाच लागली. म्हणाली, कोण आहे हा माणूस, एवढं कळतं तर त्यालाच फोन लावा की, मी सरळ बोलते. मी म्हटलं, ते वारले.

तिने हातातला बोर्ड हळूच खाली ठेवला. जरा मागे सरकली. मग उठली, दुकानातल्या छोट्या देव्हाऱ्यापुढे तीन उदबत्त्या लावल्या, परत येऊन स्टूल माझ्या फोनजवळ ओढलं आणि आवाज खाली करून म्हणाली, विचारा त्यांना, प्रोसेसर भारी लागेल का?

तुम्हाला सांगतो, दोन तास. दोन तास ती बाई विचारत होती आणि मी मेसेजांवर मेसेज लावत होतो आणि दाजी उत्तरं देत होते. प्रोसेसर साधा चालेल, काम कार्डं करतात, तो नुसता मुकादम. मेमरी थोडी पुरेल. बोर्डाला वीज वेगळी द्यायला जास्तीची जागा आहे का ते बघ, नाहीतर आठ जणांचा भार एका वायरीवर येईल आणि वितळेल. आणि प्रत्येक मेसेजाखाली काय? माझं अस्वल. अंगठा वर. दाजींचं चौदा मिनिटांचं जीव तोडून बोलणं, खाली अस्वल. दाजी म्हणतायत, ऐकतोयस ना, काही अडलं तर विचार, खाली अस्वल. ते हसणारं तोंड ठेचावंसं वाटायला लागलं मला.

आणि मग सव्विसावा. डिसेंबरमधला. बोर्डाच्या सेटिंगबद्दल सांगत होते, चारपेक्षा जास्त कार्डं दिसायची असतील तर अमुक एक चालू करावं लागतं, आणि मध्येच थांबले. श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "हल्ली जिना चढलो की छातीत काहीतरी धरतं रे. बाजारात तुझ्या दुकानापर्यंत यायचं म्हटलं तरी मध्ये बसावं लागतं. लमायला सांगू नकोस, ती घाबरेल. तुला वाटतं का डॉक्टरकडे जावं? सांग मला. बरं, तर ते सेटिंग..."

आणि खाली मी काय केलं होतं? अस्वल पाठवलं होतं.

इमआक्काने फणसाची ताटली माझ्याकडे सरकवली. मी एक गरा तोंडात घातला. ती उठली, ढिगातून एक लांबट बोर्ड काढला, आठ स्लॉट, मधे भरपूर अंतर, पुसून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. हाच, म्हणाली. त्यांना हाच आवडला असता. तुम्हाला सांगतो, मदरबोर्ड निवडणं म्हणजे काय असतं? माझ्या मदरबोर्डची निवड एका गेलेल्या माणसाने आणि एका फणस खाणाऱ्या बाईने केली, मी नुसता फोन धरून उभा होतो.

उरलेले मेसेज मी माझ्या दुकानात, शटर अर्धं ओढून, ऐकले. एकेक करून. चाळीसपर्यंत. एक्केचाळिसावा लावायला बोट धजेना. तो लावला की संपलं ना सगळं? तो राहू दिला.

रविवारी सकाळी ताईकडे गेलो. दाजींच्या फोटोपुढे भात, तळलेला मासा आणि बर्फ घातलेली काळी कॉफी, बर्फ नुकताच घातलेला. मागच्या खोलीत बसून बोर्ड चौकटीवर बसवला. कार्डांवर दाजींनी पट्ट्या चिकटवलेल्या, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात, हा तापट आहे, मधे नको. याचा पंखा कुरकुरतो, हलके टिचकी मार. मी मारली टिचकी. ताई दारात उभी. बटण दाबलं, आणि एकेक करत पंखे फिरायला लागले, आधी एक, मग दुसरा, मग सगळी खोली घों घों. ताई तिथेच जमिनीवर बसली. डोळे मिटले. मला वाटलं रडेल, रडली नाही. भिंतीला डोकं टेकून नुसती ऐकत होती, आणि चेहऱ्यावरचा तो तीन महिन्यांचा ताण हळूहळू उतरत होता.

आता मला सांगा, अशा वेळी माणसाने गप्प बसावं की नाही? पण तो सव्विसावा मला बसू देईना. मी सांगून टाकलं. म्हटलं, ताई, दाजींनी मला सांगितलं होतं, डिसेंबरमध्येच, छातीचं. मी ऐकलंच नाही. अस्वल पाठवलं.

ती डोळे न उघडता म्हणाली, "मला माहीत होतं. मलाही सांगितलं होतं त्यांनी. दोनदा घेऊन गेले मी इस्पितळात. मला म्हणाले होते, सनानला सांगू नकोस, तो घाबरेल."

हे खरं की मला बरं वाटावं म्हणून? मी तिच्याकडे बघत राहिलो. तिने डोळे उघडलेच नाहीत. मी आजवर विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.

तेवढ्यात माझं लक्ष मशीनच्या पडद्याकडे गेलं. आठ कार्डं लावली होती, पडद्यावर सातच दिसत होती. वायरी काढून घातल्या, सात. जागा बदलून बघितली, सात. आठवं म्हणून जे कुठलं लावावं, ते दिसेना. चाळीस मेसेज मला जवळजवळ पाठ झालेले, त्यात आठव्याबद्दल अवाक्षर नाही. राहिला एकच. ताई म्हणाली, लाव.

लावला. खाकरणं. "सनान, ऐक. एक महत्त्वाचं राहिलं सांगायचं. सात कार्डं दिसतात आणि आठवं दिसत नाही, असं झालं तर घाबरायचं नाही. बोर्ड खराब नसतो. त्याला एक साधी युक्ती आहे, ती म्हणजे..." आणि मागून बाईमाणसाचा आवाज, दुरून, काहीतरी ओरडल्यासारखा. "थांब, लमाय जेवायला बोलावतेय. नंतर सांगतो."

संपला.

ताईने तोंडावर हात धरला आणि हसायला लागली, आणि मग ते हसणं राहिलं नाही, मग पुन्हा हसणं झालं. म्हणाली, भोपळ्याची भाजी होती, गार झाली होती, म्हणून ओरडले मी. एवढ्यासाठी. आणि मीही हसलो, दुसरं करणार काय?

शंभराव्या दिवसाला भिक्षू आले, जेवले, मागच्या खोलीतला आवाज ऐकून थोरल्या भिक्षूंनी विचारलं, पंखा मोठा आहे का? ताई म्हणाली, हो. इमआक्काचा फोन आला होता, मी म्हटलं सातच दिसतात, तर म्हणते, आठवं दिसत नाही ना, सोपं आहे, पाच मिनिटांचं काम, मी फोनवरच सांगते. मी म्हटलं, नको आक्का, राहू द्या. ती म्हणाली, अहो पण का?

आता काय सांगू तिला? म्हटलं, दाजी नंतर सांगणार आहेत.